एक फोन, दोन विद्यार्थी : दूरशिक्षणाविषयी थोडा विचार

(द्वितीय वर्ष, कला)

फी माफ झाली म्हणजे शिक्षण सर्वांना मिळाले, असा आपल्याकडे एक समज आहे. वस्तुतः फी हा शिक्षणाच्या खर्चाचा केवळ एक भाग होय. जाण्यायेण्याचा, राहण्याजेवण्याचा आणि पुस्तकांचा खर्च वेगळाच असतो. अलीकडच्या काळात त्यात आणखी एका खर्चाची भर पडली आहे. तो म्हणजे इंटरनेटचा आणि ते चालविण्याच्या साधनाचा. हा खर्च गरीब विद्यार्थ्याला पेलेल असा कसा करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय अर्थशास्त्राचा खरा, पण मी तो प्रथम घरी शिकलो. म्हणून सुरुवात घरापासूनच करतो.

आमचे गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीत आहे. वडील मुंबईत माथाडी कामगार. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि ते गावी आले. पुढे शाळा-कॉलेजचे वर्ग फोनवर भरणार असे कळले, तेव्हा त्यांनी हप्त्यावर एक स्मार्टफोन घेतला. घरात शिकणारे दोघे होतो. मी नववीत आणि ताई बी. ए. च्या पहिल्या वर्षाला. फोन बहुतेक वेळ माझ्याकडेच असे. तो मलाच का मिळतो, असा प्रश्न घरात कोणाला पडला नाही आणि मलाही पडला नाही. ताई म्हणायची, "तुझं होऊ दे आधी, माझं मी बघते."

एके दिवशी माझी चाचणी आणि तिची परीक्षा एकाच सकाळी आली. गावात रेंज नव्हती, ती देवळामागच्या टेकाडावर यायची. माझी चाचणी संपल्यावर ती फोन घेऊन टेकाडावर धावली. पेपर अर्धा झाला असताना रेंज गेली आणि तिची उत्तरे पोहोचलीच नाहीत. पुढच्या वर्षी तिने कॉलेजात नाव घातले नाही. २०२२ मध्ये तिचे लग्न झाले. घरातला पहिला पदवीधर होणार म्हणून आज गावात माझे कौतुक होते. ते कौतुक आधी तिचे होते, हे मला ठाऊक आहे.

हा अनुभव आमच्या एका घरापुरता असता, तर येथे सांगण्याचे कारण नव्हते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी १४.९ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी ४२ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली होती. संगणक तर ग्रामीण भागात शंभरात चार-पाच घरांतच होता. त्यानंतर फोन पुष्कळ वाढले. २०२४ च्या 'असर' अहवालानुसार ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील जवळजवळ ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन आहे. परंतु फोन वापरता येणाऱ्यांपैकी ३६.२ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन आहे, तर मुलींमध्ये हे प्रमाण २६.९ टक्केच आहे. घरात फोन असणे आणि तो शिकणाऱ्याच्या हाती असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता खर्चाचा हिशेब पाहू. रोज दीड जीबी डेटाच्या रिचार्जला सुमारे तीनशे रुपये पडतात आणि त्याची मुदत २८ दिवसांची असते. म्हणजे कॅलेंडरचे महिने बारा असले, तरी रिचार्जचे तेरा होतात. वर्षाचे ३,९०० रुपये झाले. शिकणारे दोघे असतील तर ७,८००. फोनची किंमत व दुरुस्ती यात धरलेली नाही. सवलत वजा जाता मी यंदा जी फी भरली, तिच्यापेक्षा एकट्याच्या रिचार्जची रक्कम अधिक आहे.

एवढे करूनही हा डेटा पुरतोच असे नाही. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने चालणारे चलत्‌चित्र तासाला ४५० एमबी खाते. असे चार तास झाले की १,८०० एमबी लागतात, म्हणजे दीड जीबी चौथ्या तासातच संपते. याउलट तेच व्याख्यान नुसत्या आवाजात, ३२ किलोबिट वेगाने ध्वनिमुद्रित केले, तर तासाला १५ एमबीसुद्धा लागत नाही. म्हणजे तीस पट फरक! हा फरक प्राध्यापकांच्या हाती आहे, सरकारच्या नव्हे.

टाळेबंदी संपली, आता हा प्रश्न कशाला, असे कोणी विचारील. पण शिष्यवृत्तीचा अर्ज आज 'महाडीबीटी'वरच भरावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वर पूर्ण करण्याची मुभा दिली आहे. ज्याच्याजवळ साधन आहे, त्याच्यासाठी ही संधी आहे. नाही त्याच्यासाठी ती भिंत आहे.

इतर राज्यांनी काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. तामिळनाडूने २०११ पासून विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्यास सुरुवात केली. जानेवारी ते एप्रिल २०२१ या काळात तेथील नऊ लाखांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना रोज दोन जीबी डेटा मोफत मिळाला. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये, वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात, इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. पुढे जून २०२३ मध्ये त्या राज्याने स्वतःचे फायबर जाळे सुरू केले आणि गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे ठरविले. तथापि चार महिन्यांचा डेटा चार महिन्यांनी संपतो आणि वाटलेले यंत्र कधीतरी बिघडते. यासाठी टिकाऊ उपाय शोधला पाहिजे.

तो उपाय आपल्याच मातीत आहे, असे मला नम्रपणे वाटते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले. खेड्यातल्या मुलाची खरी अडचण राहण्याजेवण्याची आहे, हे त्यांनी ओळखले. प्रत्येक मुलाला वेगळे घर करून देणे कोणालाच शक्य नव्हते. म्हणून त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी एक सामाईक घर उभे केले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे शिक्षणाचा प्रयोग झाला, तेव्हाही सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक दूरचित्रवाणी संच बसविण्यात आले होते. दोन्हींतले तत्त्व एकच होते. जे एकट्याला परवडत नाही, ते सर्वांनी मिळून वापरावे.

या तत्त्वावर मला चार गोष्टी सुचतात.

पहिली, गावचे वाचनालय. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे आहे. ग्रामपंचायतींपर्यंत 'भारतनेट'ची फायबर केबल नेण्याचे काम चालू आहे. ही केबल वाचनालयाच्या टेबलापर्यंत आली, तेथे वायफाय, दिवा आणि चार्जिंगची सोय झाली, की अभ्यासाचे बोर्डिंग तयार झाले! मात्र ते दिवसाउजेडी उघडे हवे आणि मुलींना निर्धास्तपणे बसता आले पाहिजे. नाहीतर तेथेही फोन भावाच्याच हाती राहील.

दुसरी, 'पीएम-वाणी' योजना. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या या योजनेनुसार गावातला किराणा दुकानदारही परवाना शुल्क न भरता वायफाय विकू शकतो. २८ दिवसांचे रिचार्ज परवडत नसेल, त्याला लागेल तेवढेच घेता येते.

तिसरी, कॉलेजची बुक बँक. गरजू विद्यार्थ्याला आपण वर्षभरासाठी पुस्तके देतो आणि परीक्षेनंतर परत घेतो. त्याच पद्धतीने टॅब्लेट द्यावेत. संगणक कक्षही तास संपल्यावर शेवटच्या एस. टी. च्या वेळेपर्यंत उघडा ठेवावा.

चौथी विनंती गुरुजनांना आहे. व्याख्यान आवाजात आणि टिपण पीडीएफमध्ये द्यावे, म्हणजे कॉलेजात उतरवून घेऊन ते घरी डेटाशिवाय ऐकता-वाचता येईल. ऑनलाइन चाचणी ठरावीक अर्ध्या तासात न ठेवता दिवसभरात केव्हाही देण्याची मुभा असावी. ज्याच्या घरी एक फोन आणि शिकणारे दोघे आहेत, त्याला या एका सवलतीने केवढा आधार होईल, हे मी वेगळे सांगावयास नको.

यातली कोणतीही गोष्ट अशक्य नाही. बुक बँक आपल्याकडे आहेच, वाचनालयही पुष्कळ गावांत आहे. केवळ जोडणी व्हायची आहे.

गेल्या दिवाळीत ताई माहेरी आली होती. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी. ए. पूर्ण करावे, असे तिच्या मनात आहे. "अर्ज कसा भरायचा ते दाखव," म्हणाली. आम्ही दोघे माझा फोन घेऊन टेकाडावर गेलो आणि माहिती वाचून काढली. उतरताना तिने विचारले, "आणि परीक्षा असली, की फोन कोणाचा घ्यायचा?"

त्यावेळी माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधता शोधता हा लेख झाला. तिच्या सासरी वाचनालय आहे. पण त्यात अजून इंटरनेट नाही.