शाळेचे जुने फोटो : फ्लॅटबेड स्कॅनर की छोटा फिल्म स्कॅनर?

शाळेचा अमृतमहोत्सव किंवा शताब्दी जवळ आली की कपाटातून जुने फोटो बाहेर निघतात. पुठ्ठ्यावर चिकटवलेले ग्रुप फोटो, कसर लागलेला अल्बम आणि तळाशी निगेटिव्हची पाकिटं. मग स्टाफमध्ये चर्चा सुरू होते. काचेवर कागद ठेवतो तो फ्लॅटबेड घ्यायचा, की निगेटिव्हची पट्टी सरकवायचा छोटा फिल्म स्कॅनर? पैसा लोकवर्गणीचा, म्हणजे दोन्ही घेणं शक्य नाही. माझं म्हणणं एवढंच, की किंमत विचारण्याआधी पाकिटं उघडा आणि पट्टी मोजा.

घरगुती कॅमेऱ्याच्या साध्या रोलची पट्टी ३५ मिमी रुंद असते आणि त्यातली एक फ्रेम २४ × ३६ मिमी. छोटे फिल्म स्कॅनर मुख्यतः याच मापासाठी असतात. पण आपल्याकडे आग्फा क्लिक-३ घरोघरी होता आणि स्टुडिओवाले याशिका वापरायचे. त्यांत १२० चा रोल लागायचा, त्याची चौकोनी फ्रेम साधारण ६ × ६ सेंमी. ती या छोट्या यंत्रात शिरतच नाही! शाळेचे महत्त्वाचे फोटो नेमके स्टुडिओवाल्यानेच काढलेले असतात.

छोटं यंत्र म्हणजे खरं तर एक डबी. खाली दिवा, वर लहानसा डिजिटल कॅमेरा. काही सेकंदांत एक फ्रेम होते, फोटो मेमरी कार्डवर जातो, बऱ्याच यंत्रांना संगणकही लागत नाही. सहलींचे रंगीत रोल असतील तर काम भराभर उरकतं. पालकांकडे घरचे फक्त ३५ मिमीचे रोल असतील, तर चार-पाच कुटुंबांनी मिळून हेच घ्यावं. मात्र कागदावरचा फोटो त्यात होत नाही.

फ्लॅटबेडमध्ये एक मेख आहे. कार्यालयातला साधा फ्लॅटबेड निगेटिव्ह वाचू शकत नाही, कारण फिल्मच्या आरपार प्रकाश जावा लागतो. झाकणातही दिवा हवा. एप्सनच्या व्ही ६०० मध्ये तो आहे. त्यावर ३५ मिमी आणि १२० दोन्ही होतात, कागदी फोटोही होतात. यंत्र मोठं, महाग आणि हळू. एकेका फ्रेमला मिनिटभर धरा. तरी शाळेसाठी मी हाच घ्या म्हणेन.

आता डीपीआय. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, गणित करा. ३६ मिमी म्हणजे सुमारे १.४२ इंच. २४०० डीपीआयला लांबीत साधारण ३४०० पिक्सेल मिळतात, छपाईला पुष्कळ झाले. ग्रुप फोटोत मात्र कंजुषी नको. मागच्या रांगेतला चेहरा जेमतेम ४ मिमी असतो. ३०० डीपीआयला त्याला ४७ पिक्सेल मिळतात, ६०० ला ९४. ‘माझी आई यात कुठे आहे हो गुरुजी?’ असं विचारत कुणी माजी विद्यार्थ्याचा मुलगा आला, तर फरक इथेच पडतो. फोटोचा कागद डागाळला असेल तर त्याची निगेटिव्ह शोधाच, बहुधा तिच्यात चेहरे जास्त स्वच्छ असतात.

महागड्या स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडने धूळ आपोआप काढायची सोय असते. रंगीत फिल्मला ती छान चालते. कृष्णधवलला ती बंद ठेवा. त्या फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते, आणि यंत्र चित्रालाच धूळ समजतं. त्यापेक्षा हवेचा फुगा मारा. कापडाने पुसू नका, ओरखडे पडतात.

स्कॅन करताना मुलांना जवळ बसवा. सहावीला ‘इतिहासाची साधने’ शिकवतोच, इथे साधन हातात असतं. ग्रुप फोटोत पुढच्या रांगेत इयत्ता आणि साल लिहिलेली पाटी असते. अक्षरं उलटी दिसली तर पट्टी उलटी बसली आहे हे मुलंच आधी ओळखतात. पाटीवरचं साल घेऊन फाइलला नाव द्या, ‘१९७४-सातवी’ असं.

पाकीट उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्म खराब व्हायला लागली आहे. ती पाकिटं बाजूला काढा आणि सगळ्यांत आधी तीच स्कॅन करा. बाकीची कागदी पाकिटात, कोरड्या जागी, त्यांच्यापासून लांब ठेवा.