खाटेखालचे पाच डबे

हिवरे बाजारात पाऊस संपला की गावकरी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पाऊस पडला, जमिनीत किती मुरला, त्यातलं माणसांना नि जनावरांना किती लागेल, हे आधी बाजूला काढायचं. उरलेल्यातून रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाचं हे गाव ऊस आणि केळी लावत नाही, शेतीसाठी बोअर घेत नाही. घरातला धान्यसाठाही असाच मोजून करावा. आमच्या नगर भागात 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी सांगताना म्हातारी माणसं अजून रेशनवरची लाल मिलो आणि सुकडी काढतात. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा दोन खोल्यांच्या घरांतून आठवड्याभराचंही पीठ निघालं नाही. घरात जागा होती, फक्त कुणी हिशोब मांडलेला नव्हता.

तेव्हा आधी कागद घ्या. मोठ्या माणसाला दिवसाला चारशे ग्रॅम धान्य धरा. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो, म्हणजे महिन्याला साठ. डाळी-कडधान्यं साडेसात किलो, तेल तीन लिटर, शेंगदाणे तीन किलो, गूळ दोन किलो, मीठ एक किलो. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा साखरेचा आजार असलेलं माणूस असेल तर त्यांचं खाणं आणि औषधं वेगळी लिहा. हा कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

साठ किलो म्हटलं की लोक पोत्याच्या विचाराने दचकतात. पूर्वी वाड्यात बळदं असत, अंगणात पेव असे. आता पोतं ठेवायलाही कोपरा नसतो. पण तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आठवा. त्यात साधारण बारा किलो ज्वारी बसते, आणि तो फूटभराहून थोडाच उंच असतो. असे पाच डबे खाटेखाली ओळीने राहतात. खाट बुटकी असेल तर पायाखाली विटा द्या. डबे फरशीवर ठेवू नका, खाली लाकडी फळी घाला. भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा, पावसाळ्यात भिंतीची ओल पत्र्याला लागते.

आता वाळवणं. सगळा साठा यावर टिकतो, म्हणून इथे घाई करू नका. शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात येतो. एप्रिलच्या उन्हात तो ताडपत्रीवर पातळ पसरा, दोन-तीन दिवस ऊन द्या, मधूनमधून पायाने हलवा. मग एक दाणा दाढेखाली धरा. कट् करून फुटला तर झालं. दबला, चिवट लागला तर अजून एक दिवस. संध्याकाळी लगेच भरू नका. उन्हातलं गरम धान्य डब्यात कोंडलं की आतून घाम सुटतो आणि बुरशी धरते. रात्रभर घरात सावलीला पसरून थंड होऊ द्या, सकाळी भरा. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थराथराने घाला आणि डबा काठोकाठ भरा, कारण मोकळी हवा राहिली की सोंड्याला वाव मिळतो. तूरडाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळा, शिजवताना धुऊन घ्या. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते: धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नका. त्यांचा वायू झोपेत माणूस मारतो.

बाजरी साठ्याला कमी धरा. तिचं पीठ आठवड्यात कडू होतं, ती हिवाळ्यात थोडी-थोडी दळून खावी. आणि गिरणीचा विचार करा! वीज गेली की गिरणी बंद, मिक्सरही बंद. मग साठ किलो ज्वारीचं काय कराल? घरात जातं असेल तर कण्या भरडता येतात. नसेल तर एक डबा तांदूळ, रवा आणि पोह्यांचा ठेवा. फुटाणे आणि गूळ-शेंगदाणे तर चुलीशिवायही पोट धरतात. मटकी, मूग भिजवून मोड आणले की भाजीची उणीव भरते. त्याच्या जोडीला सांडगे, वाळवलेली गवार आणि हरभऱ्याचा वाळलेला पाला. कापडी पिशव्यांत भरून आढ्याला टांगले तर जागाही अडत नाही.

पाणी विसरू नका. पिण्या-स्वयंपाकाला माणशी पाच लिटर, तीन दिवसांचं, म्हणजे पाच जणांना पंचाहत्तर लिटर. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, आठ दिवसांनी तेच पाणी वापरून नवं भरा. भरलेला जादा सिलिंडर किंवा थोडं कोरडं जळण हेही साठ्यातच मोजा.

प्रत्येक डब्यावर खडूने भरल्याची तारीख लिहा. महिन्यातून एकदा झाकण काढून हात कोपरापर्यंत आत घाला. आत ऊब लागली किंवा बोटांना पिठासारखी धूळ चिकटली, तर किडा लागलाय. त्याच दिवशी चाळा, ऊन द्या, थंड करून परत भरा. रोजच्या खाण्यासाठी सगळ्यात जुन्या तारखेचा डबा काढा, आणि तो रिकामा झाला की पुसून दिवसभर उन्हात पालथा घाला. दुसऱ्या दिवशी तो भरून ओळीच्या शेवटी सरकवा.