फळ्यावरचा नकाशा आणि हरवलेली निरीक्षणे

गणिताच्या सरांनी फळाभर गणित सोडवून ठेवले आहे. तास संपतो. भूगोलाचे सर येतात आणि फळ्याच्या वरच्या खुंटीला भारताचा मोठा नकाशा टांगतात. आता गणित कुठे गेले? ते पुसले गेले असे तुमच्यापैकी कोणीच म्हणणार नाही. नकाशा काढला की ते जसेच्या तसे दिसेल. इतकी साधी गोष्ट. पण हीच गोष्ट संगणकात घडली तेव्हा आमच्या घरी एका रात्री कोणाला झोप लागली नाही. ती हकीकत तुम्हांला सांगतो.

लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली १९९१ साली लायनस टॉरव्हॉल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने सुरू केली. आज तिची अनेक रूपे आहेत. माझ्या लॅपटॉपवर त्यांपैकी दोन आहेत, डेबियन आणि मिंट. यंत्र सुरू करताना कोणते हवे ते आपण निवडायचे. त्यासाठी डिस्कचे तीन भाग, म्हणजे पार्टिशन, पाडले आहेत. पहिल्यात डेबियन राहते, दुसऱ्यात मिंट, आणि तिसऱ्यात आमच्या स्वतःच्या फाईली. वाड्यात दोन बिऱ्हाडे असावीत आणि कोठीची खोली सामाईक असावी, तशी ही व्यवस्था. या कोठीला लिनक्समध्ये 'होम' म्हणतात.

मात्र लिनक्समध्ये पार्टिशन आपोआप दिसत नाही. ते कोणत्या तरी फोल्डरवर टांगावे लागते. या टांगण्याला 'माउंट' करणे म्हणतात, आणि ते फोल्डर म्हणजे आपली खुंटी. कोणत्या खुंटीला काय टांगायचे, हे 'एफएसटॅब' नावाच्या फाईलमध्ये एकेका ओळीत लिहिलेले असते.

डेबियन मी बसवले होते. दिवाळीच्या सुट्टीत दहावीतल्या माझ्या मुलीने मिंट बसवले; पण होम तिसऱ्या पार्टिशनवर आहे हे सांगायचे ती विसरली. मिंटने आपल्याच पार्टिशनमध्ये होम नावाचे साधे फोल्डर तयार केले. त्यात तिने आठ दिवस काम केले. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी साध्या लंबकाचा प्रयोग होता: लांबी २० सेंटिमीटरपासून १०० सेंटिमीटरपर्यंत, ५ सेंटिमीटरच्या अंतराने, प्रत्येक लांबीला २० आंदोलनांचा वेळ तीनदा. म्हणजे एकूण ५१ निरीक्षणे. कागदावर एकही नाही! (प्रयोगवही बाजूला ठेवू नका असे मी वर्गात दरवर्षी सांगतो. घरात सांगायचे राहिले.)

तिची चूक माझ्या लक्षात आली आणि मी मिंटच्या एफएसटॅबमध्ये तिसऱ्या पार्टिशनची ओळ घातली. यंत्र पुन्हा सुरू केले. तिने पासवर्ड दिला. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा पासवर्डच विचारू लागला. पाच वेळा तेच. प्रदर्शन चार दिवसांवर आलेले. एका जाणकार स्नेह्यांनी दूरध्वनीवरून सल्ला दिला, "सगळे फॉरमॅट करा आणि नव्याने बसवा." तो ऐकला असता तर हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती.

प्रयोगशाळेत उपकरण चालेनासे झाले की आपण काय करतो? एका वेळी एकच गोष्ट तपासतो. येथेही तेच केले. (पुढील आज्ञा मी नागरीत लिहिल्या आहेत, टंकताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकाव्यात.) कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळी एकदम दाबल्या की केवळ अक्षरांचा पडदा येतो. तेथे तिचा पासवर्ड चालला. म्हणजे पासवर्ड बरोबर होता. पण स्वतःच्याच फोल्डरात शिरायला तिला परवानगी नव्हती, म्हणून चित्रांचा पडदा तिला बाहेर ढकलत होता. 'फाइंड-एमएनटी' ही आज्ञा कोणत्या खुंटीला काय टांगले आहे ते दाखवते. तिने होमवर तिसरे पार्टिशन दाखवले. म्हणजे नकाशा फळ्यावर होता. मग गणित त्याच्याखाली असणारच!

यंत्रावर दोन प्रणाली असल्याचा येथे फायदा झाला. डेबियन सुरू करून मिंटचे पार्टिशन 'एमएनटी' या रिकाम्या खुंटीला टांगले. डेबियनच्या दृष्टीने मिंटच्या होमवर काहीच टांगलेले नव्हते. एक्कावन्नही निरीक्षणे जागेवर होती. 'सीपी' या आज्ञेला वजा चिन्ह आणि 'ए' हे अक्षर जोडून ती मी सामाईक होममधील तिच्या फोल्डरात उतरवली.

मग यादी पाहिली, आणि बुचकळ्यात पडलो. निरीक्षणे तिची, पण मालक म्हणून नाव माझे!

आता नीट लक्ष द्या. डिस्कवर मालकाचे नाव लिहिलेले नसतेच. लिहिलेला असतो फक्त एक क्रमांक. नाव शोधण्यासाठी प्रत्येक प्रणाली स्वतःचा हजेरीपट पाहते. दोन शाळांत हजेरी क्रमांक ७ ही वेगवेगळी मुले असतात, तसेच हे. डेबियन आणि मिंट दोन्ही सामान्य वापरणाऱ्यांना १००० पासून क्रमांक देतात. डेबियनमध्ये आधी माझे खाते उघडले, म्हणून मी १००० आणि मुलगी १००१. मिंटमध्ये तिने आधी स्वतःचे उघडले, म्हणून ती १००० आणि मी १००१. तिसऱ्या पार्टिशनवरील तिच्या फोल्डरवर १००१ हा शिक्का होता; मिंटमधल्या १००० ला ते बंद राहणे रास्तच होते. आणि दुसरी बाजू पाहा: मिंटमध्ये माझे फोल्डर तिला सताड उघडे होते. त्यात सत्र परीक्षेच्या प्रश्नपत्रिका होत्या. ती माझ्या महाविद्यालयात नाही, एवढेच नशीब.

'एलएस' या आज्ञेला वजा चिन्ह आणि 'एलएन' ही अक्षरे जोडली की यादीत नावांऐवजी क्रमांक दिसतात. 'आयडी' ही आज्ञा आपला स्वतःचा क्रमांक सांगते. दोन्ही प्रणालींत हे पाहिले असते तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता.

उपाय म्हणजे मिंटमधले क्रमांक उलटापालट करणे. दोन पेल्यांतली सरबते अदलाबदल करायला तिसरा पेला लागतो, तसा येथे तिसरा क्रमांक लागतो. कोणीही आत नसताना, मिंटच्या रिकव्हरी पद्धतीतून, 'यूजरमॉड' आज्ञेने मुलीला १५०० केले, मला १०००, आणि मग तिला १००१. गटांनाही असेच क्रमांक असतात. तेही 'ग्रुपमॉड'ने बदलले. उतरवलेल्या निरीक्षणांवर १००० हा शिक्का राहिलाच होता. तो 'सीएच-ओन'ने बदलला. मूळ प्रती मात्र नकाशाखाली तशाच ठेवल्या. प्रदर्शन होईपर्यंत त्यांना हात लावला नाही.

एफएसटॅबविषयी थोडे. तिथे पार्टिशनचे 'एसडीए-३' असे नाव लिहू नका. दुसरी डिस्क जोडली की अशी नावे बदलू शकतात. 'बीएलके-आयडी' ही आज्ञा प्रत्येक पार्टिशनची स्वतंत्र ओळख दाखवते, ती लिहा. फॉरमॅट केल्यावर ही ओळखही बदलते, हे ध्यानात ठेवा. ओळीत 'नोफेल' शब्द घातला की पार्टिशन सापडले नाही तरी यंत्र सुरू होते. आणि एक प्रणाली हायबरनेट करून, म्हणजे झोपवून, दुसरी कधीही सुरू करू नका. झोपलेलीला वाटत असते की कोठी तिने सोडली तशीच आहे. जागी होऊन ती जुन्या हिशेबाने लिहू लागते, आणि मग फाईली खरोखरच नष्ट होतात.

माझे स्वतःचे मत विचाराल तर संपूर्ण होम सामाईक ठेवूच नये. प्रत्येक कार्यक्रम आपल्या आवडीनिवडी तेथे लपवलेल्या फाईलींत लिहितो, आणि दोन प्रणालींतल्या आवृत्त्या वेगळ्या असल्या की भांडणे होतात. आम्ही आता फक्त 'कामे' नावाचे एक फोल्डर सामाईक ठेवले आहे.

तुम्हांला करून पाहायचे असेल तर शाळेच्या लिनक्स संगणकावर शिक्षकांच्या देखरेखीखाली एक रिकामे फोल्डर करा. त्यात एक फाईल ठेवा, मग त्याच फोल्डरवर पेन ड्राइव्ह माउंट करा. फाईल दिसते का? पेन ड्राइव्ह उतरवल्यावर? पेन ड्राइव्हवर बहुधा फॅट पद्धतीची मांडणी असते आणि तीत मालकाचा क्रमांक लिहायला जागाच नसते. तरीही यादीत मालक दिसतो. तो कोण, आणि दुसऱ्याने पेन ड्राइव्ह टांगला तर तोच राहतो का, ते पाहा.