बत्तीस घरांची जाळी

ठिपक्यांची रांगोळी काढणारी मुलगी प्रथम अंगणात मोजून ठिपके मांडते. ठिपके एकदा मांडले, की मग तिच्या बोटांना मनमानी करता येत नाही; रेषा त्या ठिपक्यांच्या आधारानेच न्यावी लागते. परंतु हे बंधनच तिच्या रांगोळीला घाट देते. कापडाचे धागे मोजून कशिदा काढणाऱ्या स्त्रीचे कसबही असेच. थोडक्या जागेत, मोजक्या टाक्यांत तिला मोर उभा करावयाचा असतो. संगणकाच्या पडद्यावर दिसणारी चिमुकली चित्रे, म्हणजेच आयकॉन, ज्यांनी घडविली त्या अमेरिकन चित्रकर्त्री सुझन केअर याच परंपरेतील होत. मोजून टाके घालण्याची कला त्यांना लहानपणी आईनेच शिकविली होती.

१९८०च्या सुमारास सामान्य माणसाला संगणकाची भीती वाटे. त्याला काही सांगावयाचे झाल्यास ठरावीक आज्ञा अक्षर न अक्षर बरोबर टंकावी लागे. एक अक्षर चुकले, की यंत्र हटून बसे. या अडचणीवर चित्रांचा उपाय निघाला. १९८१ साली झेरॉक्स कंपनीने ‘स्टार’ नावाचा संगणक विक्रीस आणला. त्याच्या पडद्यावर कागद, फायली इत्यादींची लहान चित्रे होती. परंतु हा महागडा संगणक कचेऱ्यांसाठी होता. घरोघरच्या माणसांना वापरता येईल असा संगणक करावा, असे कॅलिफोर्नियातील ॲपल कंपनीच्या मनात होते. त्या संगणकाचे नाव ‘मॅकिंटॉश’.

मॅकिंटॉशचा पडदा लहान होता. त्यावर आडव्या रांगेत ५१२ व उभ्या रांगेत ३४२, म्हणजे एकूण सुमारे पावणेदोन लक्ष ठिपके मावत. प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाही तर पांढरा. तिसरा रंगच नव्हता. त्यातही एका चिन्हचित्राच्या वाट्याला ३२ ठिपके रुंद व ३२ ठिपके उंच एवढीच जागा येणार होती. एवढ्या जागेत चित्र काढावयाचे कोणी?

मॅकिंटॉशची आज्ञावली लिहिणाऱ्यांत अँडी हर्ट्झफेल्ड नावाचा तरुण होता. त्याला आपल्या शाळेतील मैत्रिणीची आठवण झाली. त्या सुझन केअर. १९८२ साली त्याने त्यांना दूरध्वनी केला, तेव्हा त्या एका संग्रहालयासाठी रानडुकराचे पोलादी शिल्प घडवीत होत्या. कलेच्या अभ्यासात त्यांनी डॉक्टरेट मिळविली होती. संगणकासाठी मात्र त्यांनी पूर्वी कधीही चित्र काढले नव्हते. हर्ट्झफेल्डने त्यांना सुचविले, की चौकटींची एक वही घे आणि तिच्यात ३२ घरांची जाळी आखून घे. केअरबाईंनी अडीच डॉलरची आलेखवही विकत घेतली. त्यांची पहिली साधने एवढीच होती: वही, पेन्सिल व खोडरबर.

पद्धत सोपी होती. काम मात्र कठीण होते. वहीतील एक घर म्हणजे पडद्यावरील एक ठिपका. घर भरले की ठिपका काळा, मोकळे सोडले की पांढरा. ३२ गुणिले ३२ म्हणजे १०२४ घरे. जाळीवर तिरकी रेषा काढू गेल्यास तिच्या पायऱ्या होत, व वर्तुळ काढू गेल्यास त्याला कोपरे फुटत. मग एखादे घर पुसून, एखादे भरून ती पायरी डोळ्यांना खुपणार नाही असे करावे लागे. राखाडी रंग हवा असल्यास बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक घरे भरावयाची. दुरून पाहणाऱ्यास तेथे राखाडी छटा भासे. पुढे हर्ट्झफेल्डने पडद्यावरच अशी जाळी करून दिली. तिच्या एकेका घरावर खूण करताच ते काळे किंवा पांढरे होई, आणि शेजारीच ते चित्र त्याच्या खऱ्या आकारात दिसे. ही सोय मोठ्या उपयोगाची होती. कारण मोठ्या जाळीवर सुरेख वाटणारे चित्र लहान होताच अनेकदा केवळ डाग दिसते.

या सर्व खटाटोपात केअरबाईंना एक गोष्ट उमगली. चित्रात तपशील भरणे हे कसब नव्हे. अनावश्यक तपशील काढून टाकणे हे कसब होय. नको असलेले कागद टाकण्यासाठी त्यांनी कचऱ्याचा डबा काढला. थांबा असे सांगण्यासाठी मनगटी घड्याळ, आणि रंग भरण्यासाठी कलती बादली. संगणक सुरू होताच प्रथम दिसे ते हसऱ्या चेहऱ्याचे लहानसे यंत्र. घाबरत घाबरत समोर बसलेल्या माणसाचे ते जणू स्वागतच करी.

सर्वच चित्रे एवढी सहज साधली नाहीत. वस्तूचे चित्र काढता येते. क्रियेचे कसे काढावे? ‘नक्कल करणे’ ही क्रिया दाखविण्यासाठी त्यांनी आरशात पाहणारे मांजर काढून पाहिले. इंग्रजीत नकला करणाऱ्यास ‘कॉपीकॅट’ म्हणतात, त्यावरील तो विनोद होता. परंतु ज्याला ती भाषा येत नाही, त्याला त्या मांजराचा अर्थ कसा कळावा?

दुसरा प्रसंग असाच बोधप्रद आहे. कळफलकावरील एका विशेष कळीसाठी प्रारंभी कंपनीचेच बोधचिन्ह, म्हणजे सफरचंद, योजिले होते. पडद्यावर ते जागोजागी दिसू लागताच कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांनी हरकत घेतली. नवे चिन्ह तातडीने हवे होते. केअरबाईंनी चिन्हांचा एक कोश चाळला. त्यात चारही कोपऱ्यांवर वेटोळे असलेला एक चौकोन त्यांना आढळला. स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळ दाखविण्यासाठी तो वापरीत असत. त्यांनी तो उचलला, आणि आजही ॲपलच्या कळफलकावर तो दिसतो. उत्तम चिन्ह नेहमी नव्यानेच जन्मास घालावे लागते असे नाही. कधी ते जुन्या भांडारातही सापडते.

एक चित्र मात्र अंगाशी आले. संगणकाचे काम अकस्मात बंद पडले, तर पडद्यावर वात पेटलेला बॉम्ब दिसे. हे चित्र सामान्य माणसाला क्वचितच दिसेल, अशा समजुतीने केअरबाईंनी ते गमतीने काढले होते. ते पुष्कळांना दिसले. आता यंत्राचा खरोखर स्फोट होणार की काय, अशा भीतीने काहींनी कंपनीकडे चौकशीही केली. काढणाऱ्याची थट्टा पाहणाऱ्याला धोक्याची सूचना वाटली!

मॅकिंटॉश २४ जानेवारी १९८४ रोजी लोकांपुढे आला. पुढे २०१५ साली केअरबाईंच्या आलेखवहीची पाने न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतली.

आज पडद्यांवर लक्षावधी रंग व अतिसूक्ष्म ठिपके आहेत. संकेतस्थळांवरील पुष्कळशी चिन्हे आता ठिपके भरून काढीत नाहीत. रेषा कोठून निघावी, कशी वळावी, कोठे थांबावी, हे गणिताच्या भाषेत लिहून ठेवितात. ‘एसव्हीजी’ नावाची अशी एक पद्धत २००१ साली प्रमाण म्हणून मान्य झाली. या रीतीने काढलेले चित्र कितीही मोठे केले, तरी त्याच्या कडांना पायऱ्या पडत नाहीत. परंतु तेच चित्र लहान करावयाचे असल्यास जुनी कसोटी पुन्हा पुढे उभी राहते. संकेतस्थळाच्या नावाशेजारी जे इवलेसे चिन्ह दिसते, त्यासाठी अनेकदा १६ ठिपके लांबीरुंदीचीच जागा असते.

याशिवाय चांगला चित्रकार आणखी एका माणसाची आठवण ठेवितो. अंध व्यक्तीला चित्र दिसत नाही. तिचा संगणक पडद्यावरील मजकूर तिला वाचून दाखवितो. म्हणून प्रत्येक चिन्हाला ‘शोधा’, ‘छापा’, ‘पुसून टाका’ असे शब्द जोडून ठेवावे लागतात. शब्द जोडण्यास चित्रकार विसरला, तर त्या व्यक्तीच्या दृष्टीने ते दार बंदच राहते.

साधने बदलली, पेन्सिलीची जागा संगणकाने घेतली. परंतु समोरच्या माणसाला काय कळेल, त्याला धीर येईल की भीती वाटेल, हे जाणण्याचे साधन अद्याप कोणत्याही दुकानात मिळत नाही. ते चित्रकाराला स्वतःच्या मनातच घडवावे लागते.

स्वाध्याय

१. ‘बंधनच रांगोळीला घाट देते,’ हे विधान केअरबाईंच्या कामाला कसे लागू पडते?

२. आरशातील मांजर व पेटता बॉम्ब या दोन चित्रांत काय उणे होते?

३. संकेतस्थळावरील चिन्हांना शब्द का जोडावे लागतात?

४. चौकटींच्या वहीत १६ घरे लांब व १६ घरे रुंद अशी जाळी आखा. ‘शाळेचे ग्रंथालय’ दाखविणारे चिन्ह केवळ घरे भरून काढा. ते काय आहे हे न सांगता दहा पावलांवरून मित्राला दाखवा, आणि त्याला काय वाटले ते लिहा.