टाकीवरचे दिवे



आमचे मुलींचे वसतिगृह पाहून गेलेल्या अनेकांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या चार लहान दिव्यांविषयी विचारले. काहींना आपल्या मंडळीच्या टाकीलाही तसे दिवे बसवायचे आहेत. म्हणून ते कसे चालतात हे या वेळी लिहिते. माझी एक चूकही सांगते, म्हणजे तुमच्याकडे ती होणार नाही.

मोखाडा तालुक्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि होळीनंतर विहिरी तळ गाठू लागतात. आमच्या विहिरीवरची मोटर वीज असेल तेव्हा, बहुधा रात्रीच, चालवावी लागते. टाकी उंचावर आहे. अंधारात शिडी चढून आत डोकावणे मुलींच्या जिवाला धोक्याचे, म्हणून दिवे.

रचना सोपी आहे. पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे त्यातून थोडी वीज वाहते. टाकीच्या तळाशी एक तार सोडायची आणि ती ९ व्होल्टच्या धन टोकाला जोडायची. पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण टाकी अशा उंचीवर आणखी चार तारा. यातली प्रत्येक तार एका रेझिस्टरमधून बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरच्या बेसला जाते. पाणी तारेला टेकले की अगदी क्षीण प्रवाह बेसमध्ये शिरतो. तेवढ्याने दिवा पेटणार नाही, पण ट्रान्झिस्टर उघडतो आणि त्यातून एलईडीला पुरेसा प्रवाह मिळतो. एलईडीच्या मार्गात ४७० ओहमचा रेझिस्टर हवाच, नाहीतर तो जळतो. दुरुस्तीला येणाऱ्या वायरमनकाकांनी हे मला एका दुपारी शिकवले.

मी तांब्याच्या तारा वापरल्या आणि अ‍ॅडॉप्टर लावून दिवे रात्रंदिवस चालू ठेवले. चूक तिथेच झाली. एकाच दिशेने वीज वाहत राहिली की पाण्यातली धन टोकाची तार हळूहळू झिजते, तांबे पाण्यात उतरते. काही महिन्यांत तळाच्या तारेचे उघडे टोक जवळजवळ नाहीसे झाले होते. पिण्याच्या पाण्यात हे चालले होते, याचे आजही वाईट वाटते.

मार्चमधल्या एका रात्री मोटरची पाळी असलेल्या मुलीने पाहिले, तर एकही दिवा नाही. टाकी रिकामी समजून तिने मोटर चालू ठेवली. टाकी केव्हाच भरली होती. विहिरीतले पुढच्या दोन दिवसांचे पाणी उतारावरून वाहून गेले. तिसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता आणि मुली पहाटे हंडे घेऊन झऱ्यावर रांगेत. मी त्या मुलीला सर्वांसमोर रागावले. "ताई, दिवे बंदच होते," एवढेच ती म्हणाली. शिडीवर चढून तार वर ओढली तेव्हा ते मला पटले. संध्याकाळी सर्वांसमोरच तिची माफी मागितली.

आता स्टेनलेस स्टीलच्या सळ्या आहेत आणि मध्ये दाबायचे बटण आहे. बटण दाबले तेवढाच वेळ वीज वाहते, म्हणून सळ्या टिकतात आणि ९ व्होल्टची साधी बॅटरीही पुष्कळ दिवस पुरते. वीज गेली तरी पाणी पाहता येते, हा वेगळा फायदा. सळ्या एकमेकींपासून दूर लावा. एकत्र बांधल्या तर त्यांच्यामधल्या ओलीतून वीज वाहते आणि पाणी खाली गेले तरी वरचा दिवा पेटतो. पागोळ्यांचे पाणी धरलेल्या पिंपात दिवे मंद दिसतील. पावसाच्या पाण्यात क्षार फार कमी, त्याला तोडगा म्हणजे एकामागे एक दोन ट्रान्झिस्टर. डिझेलच्या टाकीला मात्र ही युक्ती चालत नाही, डिझेलमधून वीज वाहत नाही. तिथे तरंगता गोळाच लागतो.

सर्वांत खाली पाचवा दिवा मुलींनीच सुचवला, तो हिरवा. बटण दाबल्यावर हिरवाही पेटला नाही तर टाकी रिकामी असेल किंवा तार तुटली असेल. अशा वेळी मोटर लावायची नाही, आधी मला उठवायचे. एप्रिलपासून दोनदा उठवले आहे. एकदा बॅटरी संपली होती, एकदा खरोखरच पाणी नव्हते.