घर विकले जात नाही तेव्हा : दलालाशी केलेला करार आणि आपली जबाबदारी

काही दिवसांपूर्वी असरच्या नमाजनंतर एक तरुण मशिदीत थांबला. त्याच्या वडिलांचे निधन झालेले. मागे कोकणातील एक घर, आई, दोन बहिणी आणि वडिलांच्या डोक्यावर राहिलेले कर्ज. घर विकून आधी कर्ज फेडायचे, मग वारसांत वाटणी करायची, असे सर्वांच्या संमतीने ठरले. त्यासाठी एका दलालाशी एक वर्षाचा लेखी करार झाला. किंमत चाळीस लाख, दलाली दोन टक्के आणि मुदतीत दुसऱ्या दलालाला काम द्यायचे नाही, अशी अट. आठ महिने उलटले, पाच-सहा माणसे घर पाहून गेली. पण व्यवहार जमला नाही. अशातच, दलालाने घर दाखवलेल्या गृहस्थांपैकी एकाचा थेट फोन आला : "दलालाला बाजूला ठेवा. करार संपवून टाका. त्याची दलाली वाचेल ती अर्धी तुम्हाला, अर्धी मला."

तरुणाचा प्रश्न साधा होता. "मौलाना, करार मोडला तर गुनाह आहे का? घर तर तो विकू शकलाच नाही."

हा प्रश्न एका घरापुरता नाही. मुंबई-पुण्यात किंवा आखाती देशांत स्थायिक झालेल्या आपल्या अनेक कुटुंबांची गावाकडची घरे विक्रीला आहेत. म्हणून या विषयावर शरिअतचे मार्गदर्शन थोडे सविस्तर पाहू.

दलालीचे स्थान

दलालाची कमाई मुळातच संशयास्पद, असा समज आपल्याकडे आढळतो. तो बरोबर नाही. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या काळी मदीनेच्या बाजारात मध्यस्थ होते. त्यांना 'समासिरा' म्हणत. हजरत कैस बिन अबी गरजा (रजि.) सांगतात की, पैगंबरांनी (स.) आम्हाला त्यापेक्षा चांगले नाव दिले, 'तुज्जार' म्हणजे व्यापारी, आणि खरेदी-विक्रीत वायफळ बोलणे व शपथा मिसळतात, म्हणून त्यात सदका मिसळत जा, असा उपदेश केला. इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या हदीस संग्रहात दलालाच्या मोबदल्यावर स्वतंत्र प्रकरण योजले असून इब्ने सीरीन, अता, इब्राहीम आणि हसन (रह.) यांना त्यात काही गैर वाटत नसे, अशी नोंद केली आहे.

म्हणजे दलाली हा श्रमाचा मोबदला आहे. आणि श्रमाचा मोबदला बुडवणाऱ्याविषयी हदीसमध्ये कडक इशारा आहे. मजुराकडून पूर्ण काम करून घेऊन त्याची मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी स्वतः अल्लाह फिर्यादी असेल.

हा करार कोणत्या प्रकारचा?

दलालाशी होणारा करार साधारणतः दोन प्रकारचा असतो.

पहिला प्रकार 'काम झाले तरच मोबदला'. फिकहच्या भाषेत याला 'जुआला' म्हणतात. सूरह यूसुफमध्ये राजाचे हरवलेले मापाचे पात्र आणून देणाऱ्याला उंटाच्या ओझ्याइतके धान्य देण्याची घोषणा आली आहे. मालिकी, शाफई आणि हंबली विद्वानांनी या कराराला तेथून आधार घेतला. दुसरा प्रकार 'इजारा', म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक वेतनावर श्रम घेणे. त्यात घर विकले जावो वा न जावो, कबूल केलेले वेतन द्यावे लागते.

आपल्याकडे बहुधा पहिला प्रकार चालतो. येथे मसलकचा फरकही ध्यानात घ्यावा. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई, तर घाटावरचे व मराठवाड्यातील बहुसंख्य हनफी. हनफी फिकहमध्ये मूळ नियमानुसार अशी दलाली योग्य ठरत नव्हती. कारण सौदा जमणे केवळ दलालाच्या हाती नसते. परंतु लोकांची गरज आणि सर्वत्र रूढ झालेला व्यवहार पाहून नंतरच्या हनफी विद्वानांनी तिला परवानगी दिली. अल्लामा इब्ने आबिदीन (रह.) यांच्या 'रद्दुल मुहतार'मध्ये ही चर्चा आढळते. तेव्हा व्यवहारात दोन्ही मसलकांचे लोक दलालाशी करार करू शकतात. दलालीचा दर मात्र आधी स्पष्ट ठरलेला असावा.

करार संपवता येतो का?

होय, येतो. परंतु केव्हा आणि कसा, हे महत्त्वाचे आहे.

मुदत ठरलेली नसेल, तर काम सुरू होण्यापूर्वी दोघांपैकी कोणीही माघार घेऊ शकतो. काम सुरू झाल्यावर मालकाने माघार घेतली, तर शाफई व हंबली मतानुसार दलालाने केलेल्या श्रमाचा रास्त मोबदला (उजरतुल मिस्ल) द्यावा लागतो. मालिकी मतानुसार काम सुरू झाले की मालकावर करार बंधनकारक होतो. याउलट दलालाने स्वतःच काम अर्धवट सोडले, तर तो मोबदल्यावर हक्क सांगू शकत नाही.

मुदत लिहिलेली असेल, तर ती अट आहे. आणि मुस्लिम आपल्या अटींना बांधील असतात, असे हदीसमध्ये आले आहे. हलालला हराम किंवा हरामला हलाल करणारी अट तेवढी अपवाद. सूरह माइदाच्या आरंभीच ईमानधारकांना करार पूर्ण करण्याची आज्ञा आहे. सूरह बनी इस्राईल सांगते की, वचनाविषयी जाब विचारला जाईल. म्हणून 'घर विकले जात नाही' एवढ्या एका कारणाने, मुदत असताना, मनास येईल तेव्हा करार झटकून टाकता येत नाही. बाजार मंद असेल, किंमत अवाजवी असेल, तर त्यात दलालाचा दोष काय?

मात्र दलालाने कामच केले नसेल, घर कोणाला दाखवले नसेल, खोटी माहिती दिली असेल, किंवा मालकाला अंधारात ठेवून किमतीवर 'वरचे पैसे' घेण्याचा घाट घातला असेल, तर करार त्यानेच मोडला आहे. अशा वेळी मालकाने तो संपवण्यात गुनाह नाही.

या दोहोंमधला आणि सर्वांत सुंदर मार्ग म्हणजे 'इकाला', परस्पर संमतीने व्यवहार सोडणे. झालेल्या सौद्यातून दुसऱ्या मुस्लिमाला मोकळे करणाऱ्याच्या चुका अल्लाह माफ करील, अशी शुभवार्ता हदीसमध्ये आहे. त्या हदीसचा मूळ विषय खरेदी-विक्री हा असला, तरी अडलेल्याला मोकळे करण्याचा तिचा बोध दलाल आणि मालक दोघांनीही मनावर घ्यावा.

करार संपवण्याची रीत

पहिली गोष्ट, दलालाला कळवणे. फोन उचलणे बंद करायचे आणि दुसऱ्याला काम द्यायचे, ही रीत नव्हे. हनफी फिकहनुसार वकील (प्रतिनिधी) याला काढल्याची खबर त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचा अधिकार संपत नाही. आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 208 नुसार प्रतिनिधीचा अधिकार काढून घेतल्याचा परिणाम त्याला ते कळल्यावरच सुरू होतो. कलम 206 नुसार वाजवी पूर्वसूचना द्यावी लागते. आणि मुदतीचा करार पुरेशा कारणाविना आधीच संपवला, तर कलम 205 नुसार भरपाई देणे लागते.

दुसरी गोष्ट, लिहून ठेवणे. देवाण-घेवाण लिहून ठेवण्याची आज्ञा देणारी सूरह बकराची आयत ही कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे. करार लेखी करायचा आणि संपवायचा मात्र तोंडी, असे करू नये. तारीख, कारण आणि हिशेब लिहून पत्र द्यावे, त्याची पोहोच घ्यावी. घराची किल्ली आणि कागदपत्रांच्या प्रती परत घ्याव्यात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दलालाने आतापर्यंत ज्यांना घर दाखवले, त्यांची यादी दोघांनी सही करून ठेवावी. त्यांच्यापैकी कोणी पुढे वाजवी काळात घर घेतले, तर दलाली द्यायची, हे त्याच कागदावर लिहावे. यामुळे मालक मोकळा होतो आणि दलालाचा हक्कही राहतो.

आणखी एक सूचना. मालकाने स्वतः गिऱ्हाईक आणले तरी पूर्ण दलाली द्यावी लागेल, अशी अट काही करारांत असते. सही करण्यापूर्वी असा कागद जाणत्या मुफ्तींना आणि वकिलाला दाखवावा. सही झाल्यानंतर वाद घालण्यापेक्षा ते सोपे असते.

घर का विकले जात नाही?

दलालाला दोष देण्यापूर्वी मालकाने स्वतःलाही काही प्रश्न विचारावेत. सर्व वारसांची संमती कागदावर आहे का? मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर वारसांची नावे लागली आहेत का? भिंतीतील ओल, रस्त्याचा वाद, थकलेली घरपट्टी आपण सांगितली का? हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या हदीसनुसार विकणारा आणि घेणारा खरे बोलले, दोष उघड केले, तर सौद्यात बरकत येते, लपवाछपवी केली, तर ती पुसली जाते. दर वाढावा म्हणून खोटे गिऱ्हाईक उभे करणे हे 'नजश' आहे आणि ते निषिद्ध आहे, मग ते दलाल करो वा मालक.

त्या तरुणाला दिलेले उत्तर

मी त्याला विचारले, "तो गृहस्थ घरापर्यंत कोणामुळे आला?" तो म्हणाला, "दलालामुळे." मग उत्तर त्यानेच दिले होते. दलालाने गिऱ्हाईक आणले, गिऱ्हाईक घर घेण्यास तयार आहे. अशा वेळी करार 'संपवणे' म्हणजे श्रमाचे फळ हाती आल्यावर श्रम करणाऱ्याला हुसकावणे होय. कागदावर ते करारसमाप्ती दिसेल, अल्लाहपाशी ती खियानत ठरेल.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग ऐंशी हजार गेलेच म्हणायचे?"

मी म्हटले, "तुम्ही हे घर वडिलांचे कर्ज फेडण्यासाठी विकत आहात. कर्ज फिटेपर्यंत मोमिनचा आत्मा त्यात अडकून राहतो, असे हदीसमध्ये आहे. एकाचे देणे फेडण्यासाठी दुसऱ्याचे देणे बुडवले, तर वडिलांना कशातून सोडवले?"

दुसऱ्या दिवशी त्याने दलालाला बोलावले, फोनची हकीकत सांगितली आणि तिघे समोरासमोर बसले. किंमत किती ठरली, हे मी विचारले नाही.

वाचकहो, घर विकले जाणे अल्लाहच्या हाती आहे. करार पाळणे मात्र आपल्या हाती आहे. अल्लाह आम्हा सर्वांना हलाल रोजी, व्यवहारात सचोटी आणि दिलेल्या शब्दाला जागण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.