वहिनी, तुम्ही हीलर घ्या!

सिअ‍ॅटलजवळच्या रेंटन गावात ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’चं मुख्य कार्यालय आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आता हीच कंपनी काढते. तिथून गाडीने वीसेक मिनिटांवर, बेलव्ह्यूतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर दर शनिवारी रात्री तो रंगायचा. पाच जण होतो. सगळे पुण्या-नाशिकचे, सगळे सॉफ्टवेअरवाले, सगळे पुरुष. गेम मास्टर मी.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात सोंगट्या असल्या तर असतात, नाहीतर नुसत्या गप्पांवरही भागतं. गेम मास्टर गोष्ट सांगतो: समोर पडका वाडा आहे, आत उजेड दिसतोय, काय करता? प्रत्येक खेळाडूचं एक पात्र असतं. आपलं पात्र काय करतंय ते तो सांगतो आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. एकच गोष्ट वर्षवर्षभरही चालते.

एका शनिवारी एका मित्राची बायको खेळायला बसली. तिची तयारी पक्की होती. पात्राचं नाव भागीरथी, हातात दुधारी कुऱ्हाड, जात लढवय्याची. ती कागद भरायला घेते तोच टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून सल्ला आला, “वहिनी, फायटर कटकटीचा असतो. तुम्ही हीलर घ्या, सोपं पडेल.” बाकीच्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. प्रत्यक्षात नेमकं उलटं आहे. नवशिक्याला सगळ्यात सोपा फायटरच, कारण पुढे व्हायचं आणि फासा टाकायचा. जखमा बऱ्या करणाऱ्या क्लेरिकला मंत्रांची यादी सांभाळावी लागते. आम्हा पाचही जणांना हे ठाऊक होतं. तरी भागीरथीची कुऱ्हाड गेली आणि हातात जपमाळ आली.

तिसऱ्या शनिवारी मी आणखी मोठी चूक केली. गोष्टीत एक सराय होती, तिथे एक दारुडा सरदार होता. ‘त्या काळात असंच असायचं’ असा माझ्या मनाचा हिशेब. मी त्या सरदाराला भागीरथीचा हात धरायला लावला आणि तो प्रसंग रंगवत बसलो. दोघं हसले. एकाने फासा माझ्याकडे सरकवला, “टाक टाक, बघू सुटते का.” ती म्हणाली, “मी चहा टाकते,” आणि उठली. चहा आला, आम्ही प्यायलो, खेळ पुढे चालू राहिला. पुढच्या शनिवारी ती आली नाही. नवरा म्हणाला, तिला वेळ नाही. आम्ही तेवढ्यावर समाधान मानलं.

या खेळात हे नवीन नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली छापून आला. तो सगळ्यात आधी खेळून पाहिला गायगॅक्स यांच्या मुलाने आणि मुलीने. म्हणजे पहिल्याच टेबलावर एक मुलगी होती. पण दोनच वर्षांत, १९७६ साली, ‘द ड्रॅगन’ मासिकाच्या तिसऱ्या अंकात स्त्री पात्रांसाठी सुचवलेले नियम आले आणि त्यांत स्त्रीच्या व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाऐवजी तिच्या सौंदर्याला गुण द्यायची सोय होती. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’ने तर ताकदीवरच पाचर मारली. ताकदीचे पुरते १८ गुण मिळालेल्या लढवय्याला आणखी एक फासा टाकायला मिळे. माणूस जातीचा पुरुष त्यात १०० पर्यंत जाऊ शके, बाईला ५० वर थांबावं लागे. ज्या जगात ड्रॅगन आग ओकतात, त्या जगात बाईच्या दंडाची ताकद तेवढी वास्तवाला धरून हवी होती!

ती मर्यादा काढायला अकरा वर्षं लागली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती गेली. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीच्या पुस्तकांत नमुन्याच्या पात्रांमध्ये बायकाही होत्या आणि नियम समजावताना ‘तो’बरोबर ‘ती’ही आली.

या सगळ्या काळात बायका नव्हत्या असं मुळीच नाही. ली गोल्ड यांनी १९७५ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ हे खेळाडूंचं नियतकालिक सुरू केलं आणि ते दशकानुदशकं चालवलं. तेव्हा हा खेळ काढणाऱ्या टीएसआर कंपनीत १९७९ साली जीन वेल्स या पहिल्या स्त्री डिझायनर आल्या. लॉरा हिकमन यांनी पतीसोबत १९८३ चं ‘रेव्हनलॉफ्ट’ हे खेळासाठीचं कथानक लिहिलं. ते आजही खेळलं जातं. २०१५ पासून ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमात तिघी जणी कॅमेऱ्यासमोर खेळताना जगाने पाहिल्या आणि २०२१ साली त्याच मंडळींच्या एका मालिकेत गेम मास्टरच्या खुर्चीत आब्रिया अय्यंगार बसल्या. छापील नियम कधीच सुधारले. आमच्या टेबलावर मात्र १९७८ च चालू होतं आणि त्याला कुठल्याही पुस्तकाचा आधार नव्हता.

आठ महिन्यांनी मंडळाच्या गणपतीत ती भेटली. प्रसादाच्या रांगेत मी चाचरत विचारलं, “खेळ सोडलास का गं?” ती म्हणाली, “सोडला कुठे? तुमचं टेबल सोडलं.” ती दुसरीकडे खेळत होती आणि कुऱ्हाड घेऊन खेळत होती. सरदाराचा प्रसंग तिने एका वाक्यात उरकला. जास्त बोलली ती दुसऱ्याच गोष्टीवर. “तीन शनिवारांत मला एकदाही कुणी भागीरथी म्हणालं नाही. तुम्ही सगळे आपापल्या पात्रांच्या नावाने हाका मारत होता, मी तेवढी वहिनी. आणि वहिनी म्हटलं की चहा आलाच.”

तेव्हापासून आमच्याकडे काही गोष्टी बदलल्या. नवं टेबल मांडणाऱ्यांना त्या उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

गोष्ट सुरू करण्याआधी एक बैठक नुसती बोलण्यासाठी ठेवा. खेळाडू तिला ‘सेशन झीरो’ म्हणतात. रॉन एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये मांडलेली एक साधी विभागणी तिथे कामी येते. काही गोष्टी आपल्या कथेत येणारच नाहीत, काही येतील पण पडद्याआड घडतील. जबरदस्ती आमच्याकडे पहिल्या यादीत आहे. ‘काळच तसा होता’ हा युक्तिवाद ऐकून घेतला जात नाही.

जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांचं एक्स-कार्ड वापरा. कागदावर फुली मारून तो टेबलाच्या मधोमध ठेवायचा. कुणालाही प्रसंग नकोसा झाला की त्यावर बोट ठेवायचं. कारण विचारायचं नाही, गोष्ट तिथून वळवायची. पण नुसतं कार्ड ठेवून भागत नाही, नवी व्यक्ती पहिल्यांदा त्याला हात लावायला कचरते. म्हणून पहिल्याच दिवशी एखाद्या किरकोळ प्रसंगात गेम मास्टरने स्वतः ते वापरावं. मी झुरळांच्या प्रसंगाला वापरलं.

नव्या खेळाडूला पात्र सुचवू नका, विचारा. तिची पाळी असताना दुसरा ‘तू असं कर’ म्हणाला तर त्याला थांबवायचं काम गेम मास्टरचं आहे, तिचं नाही. टेबलावर बसल्यावर पात्राच्याच नावाने हाक मारा. बोलावताना एकटीला बोलावू नका, तिला मैत्रिणीला घेऊन यायला सांगा. कुणी यायचं थांबलं तर नवऱ्याकडे चौकशी करू नका, तिलाच फोन करा आणि आपली चूक असेल तर सरळ कबूल करा.

चहाच्या पाळ्या आमच्याकडे आता फ्रिजवर लिहिलेल्या असतात.

सध्या आम्ही सहा जण खेळतो, त्यांत दोघी आहेत. मागच्या महिन्यात मी भागीरथीला फोन करून विचारलं, तुमच्या टेबलावर एखादी जागा आहे का? “सध्या नाही,” ती म्हणाली, “आणि झाली तरी तुला हीलर घ्यावा लागेल.”